समुद्रात जन्मलेले वादळ धावड्याच्या शिवारात कसे पोहोचते?

प्रतिनिधी, धावडा (ता. भोकरदन, जि. जालना)

धावड्यापासून अरबी समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे आणि बंगालचा उपसागर सातशे किलोमीटरच्या आसपास. अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत वसलेल्या या गावाच्या बोलण्यात पाऊस येतो, गारपीट येते, दुष्काळ तर हटकून येतो. चक्रीवादळ मात्र कोकणचे, ओडिशाचे, फार तर दूरचित्रवाणीवरचे. किनाऱ्यावर उसळणाऱ्या लाटा, उन्मळून पडलेले माड, होड्या ओढून घेणारे कोळी बांधव ही दृश्ये पाहायची आणि हळहळायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध, असे मानण्याकडे मराठवाड्याचा कल राहिला आहे. सप्टेंबर २०२१च्या शेवटच्या आठवड्याने हा समज खोडून काढला.

त्या वर्षी २६ सप्टेंबरच्या सायंकाळी 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ७५ ते ८५ किलोमीटर होता. चक्रीवादळांच्या हिशेबात हे काही मोठे वादळ नव्हे. दुसऱ्या दिवशी ते कमजोर पडल्याच्या बातम्या झळकल्या आणि त्या खऱ्याही होत्या. तथापि त्याच 'कमजोर' पडलेल्या वादळाचे अवशेष तेलंगण ओलांडून २७ व २८ सप्टेंबरला मराठवाडा आणि पश्चिम विदर्भावर आले, तेव्हा पावसाने नद्या पात्राबाहेर काढल्या. मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले. लातूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांत पुरात अडकलेल्या लोकांना बाहेर काढण्यासाठी बचाव पथके धाडावी लागली. काढणीला आलेले आणि काढून ठेवलेले सोयाबीन पाण्यात गेले.

वादळ कमजोर झाले असेल, तर एवढे पाणी आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर वादळ जन्मते कसे आणि वाढते कसे, यात दडलेले आहे. ते समजून घेण्यासाठी आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे.

प्रत्येक वादळ चक्रीवादळ नव्हे

एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की अचानक आभाळ भरून येते, सोसाट्याचा वारा सुटतो, घरांवरचे पत्रे उडतात, आंब्याचा सडा पडतो आणि अर्ध्या-पाऊण तासात सारे शांत होते. गावात त्याला सर्रास चक्रीवादळ म्हटले जाते. आमच्या व्यवसायातील मंडळीही मथळ्यात तेच लिहितात, हे मान्य केले पाहिजे. वास्तविक ते वळवाचे वादळ. एखाद-दुसऱ्या ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, त्याचा तो तडाखा. त्याचा पसारा काही किलोमीटरचा. उन्हाळ्यात रस्त्यावर पाचोळा गरगर फिरवणारी वावटळ तर आणखी लहान. चक्रीवादळाचा विस्तार शेकडो किलोमीटरचा असतो, आयुष्य काही दिवसांचे असते आणि मुख्य म्हणजे ते जमिनीवर जन्मूच शकत नाही. त्याला समुद्र लागतो, तोही उबदार.

'सायक्लोन' हा शब्द आपल्याकडेच घडला. कोलकात्यात राहणारे हेन्री पिडिंग्टन यांनी बंगालच्या उपसागरातील वादळांच्या जहाजी नोंदी तपासून १८४८ साली खलाशांसाठी एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेतील वर्तुळ किंवा सापाचे वेटोळे या अर्थाच्या शब्दावरून तो घेतला आहे. उपग्रहाच्या छायाचित्रात आज दिसणारे ढगांचे वेटोळे पिडिंग्टन यांना कधीच दिसले नव्हते. केवळ जहाजांच्या नोंदवह्यांतील वाऱ्याच्या दिशा जुळवून त्यांनी ते ओळखले होते.

माठातील पाणी आणि समुद्राचे इंधन

चक्रीवादळ हे एक इंजिन आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. इंजिन म्हटले की इंधन आले. हे इंधन कोणते, ते समजायला उन्हाळ्यातील माठ पुरेसा आहे. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी हवेत उडून जाते आणि आतील पाणी गार होते. गार होते, कारण उडून जाणारे पाणी सोबत उष्णता घेऊन जाते. ही उष्णता नाहीशी होत नाही. ती बाष्पात लपून राहते. पाठ्यपुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. बाष्पाचे पुन्हा पाणी झाले, की ती जशीच्या तशी बाहेर पडते.

ही उष्णता थोडीथोडकी नसते. चुलीवर एक लिटर पाणी ठेवून त्याला उकळी फुटेपर्यंत जेवढे सरपण लागते, त्याच्या सुमारे सातपट ते पाणी आटवून संपवायला लागते. आता एका माठाच्या जागी हजारो चौरस किलोमीटरचा समुद्र डोळ्यांसमोर आणावा. उन्हाने तापलेल्या पृष्ठभागावरून अहोरात्र बाष्प वर चढत असते आणि त्यातून चुलीतील सगळ्या जाळाचा हिशेब हवेत जमा होत असतो.

मात्र प्रत्येक समुद्र हे इंधन पुरवू शकत नाही. पृष्ठभागाचे तापमान साधारणपणे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते आणि ही ऊब नुसती वरवरची असून चालत नाही, ती सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत असावी लागते. कारण वारा सुटला की समुद्र घुसळला जातो. ताक घुसळताना तळाचे वर येते, तसे खालचे थंड पाणी वर येते. ऊब उथळ असेल तर वादळ स्वतःच्याच घुसळणीने आपले इंधन थंड करून टाकते. एकाच जागी रेंगाळलेली वादळे काही वेळा अशीच मंदावतात.

उबदार समुद्रावर हवा तापते, बाष्पाने भरते आणि वर चढते. वर तापमान कमी असल्याने बाष्पाचे थेंब बनतात, ढग उभे राहतात आणि लपलेली उष्णता मोकळी होते. या उष्णतेने भोवतालची हवा आणखी हलकी होऊन आणखी वेगाने वर जाते. परिणामी समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब घटतो. रिकामी होत चाललेली ही जागा भरण्यासाठी चहूबाजूंनी हवा धावत येते. धावत येताना ती समुद्रावरून घासत येते, म्हणजेच येताना नवे बाष्प घेऊन येते. ते बाष्प पुन्हा वर, पुन्हा ढग, पुन्हा उष्णता, दाब आणखी कमी, वारा आणखी जोराचा आणि जोराच्या वाऱ्यामुळे बाष्पीभवनही जास्त. वादळ आपले आपणच वाढत जाते ते या फेऱ्यामुळे. हा फेरा जोवर अखंड चालू आहे, तोवर वादळाची ताकद वाढत राहते; तो कोठेही तुटला की उतरण सुरू होते. पुढील सर्व गोष्टी या एका सूत्राला धरून आहेत.

हवा गरगर का फिरते?

चहूकडून आलेली हवा सरळ मध्यभागी शिरली असती, तर ती पोकळी लगेच भरून निघाली असती आणि वादळ जन्मण्यापूर्वीच संपले असते. तसे होत नाही, कारण पृथ्वी फिरते. फिरत्या पृथ्वीवर दूरवर वाहणारी हवा उत्तर गोलार्धात आपल्या उजवीकडे वळते. फ्रेंच गणितज्ञ कोरिऑलिस यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. मध्याकडे निघालेली हवा उजवीकडे वळत राहिल्याने मध्यभागाला वळसा घालते आणि आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. विषुववृत्तावर हा परिणाम शून्य असतो. म्हणूनच विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे पाच अंशांच्या पट्ट्यात, पाणी कितीही उबदार असले तरी, चक्रीवादळे सहसा तयार होत नाहीत.

फिरणे सुरू झाले की वेग वाढतो कसा? दोरीला दगड बांधून गरगर फिरवावा आणि दोरी बोटाभोवती गुंडाळू द्यावी. दोरी जसजशी आखूड होते, तसतसा दगड वेगाने फिरतो. शेतात गोफण फिरवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. शेकडो किलोमीटरवरून मध्याकडे ओढल्या जाणाऱ्या हवेचेही तेच होते. ती जितकी आत येते, तितकी वेगवान होते. मात्र एका मर्यादेनंतर ती आणखी आत जाऊ शकत नाही आणि वर उसळते. तेथे ढगांची वर्तुळाकार भिंत उभी राहते. सर्वाधिक वारा आणि सर्वाधिक पाऊस या भिंतीत असतो. तिच्या आत, अगदी मध्यभागी, तीव्र वादळांमध्ये 'डोळा' तयार होतो. तेथे हवा वरून खाली उतरते, ढग विरळ होतात, वारा पडतो. ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यावर डोळा डोक्यावर आला असता वादळ सरले असे समजून लोक घराबाहेर पडतात आणि थोड्याच वेळात उलट दिशेचा तितकाच भयंकर वारा त्यांना गाठतो.

धूर सरळ जावा लागतो

उबदार समुद्र आणि पृथ्वीचे फिरणे या दोन्ही गोष्टी जून ते सप्टेंबर या काळातही असतात. मग ऐन पावसाळ्यात मोठी चक्रीवादळे क्वचितच का होतात? आपल्या भागातील मोठी वादळे एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंत आणि पुढे ऑक्टोबर ते डिसेंबर अशा दोन हंगामांत विभागलेली असतात. याचे कारण उंचावरच्या वाऱ्यात आहे.

वारा पडलेला असताना चुलीचा धूर सरळ वर जातो. वाऱ्याच्या दिवशी तो वाकतो, फाटतो, विखुरतो. ढगांच्या वाटे वर जाणारी उष्णता एका उभ्या स्तंभात साठली, तरच खालचा दाब घटत राहतो. मोसमी पावसाच्या काळात खालून नैर्ऋत्येचा वारा वाहतो आणि दहा-पंधरा किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडचा जोरकस वारा वाहतो. खालचा भाग एकीकडे आणि वरचा भाग दुसरीकडे ओढला जातो. स्तंभ तिरका होतो, उष्णता विखुरते आणि कमी दाबाच्या क्षेत्राचे वादळात रूपांतर होत नाही. बंगालच्या उपसागरात जुलै-ऑगस्टमध्ये तयार होणारी क्षेत्रे म्हणूनच पाऊस देऊन जातात, वादळ होत नाहीत. 'गुलाब' सप्टेंबरच्या अखेरीस, मोसमी पाऊस माघारी फिरण्याच्या सुमारास जन्मले. सप्टेंबरमध्ये पूर्ण चक्रीवादळ होणे ही तशी दुर्मीळ घटना होय.

भारतीय हवामान खाते वाऱ्याच्या वेगावरून पायऱ्या ठरवते. कमी दाबाच्या क्षेत्रात वारा ताशी ३१ किलोमीटरवर गेला की त्याला डिप्रेशन म्हणतात, ५० वर गेला की डीप डिप्रेशन. ६२ किलोमीटरला चक्रीवादळ सुरू होते आणि तेव्हाच त्याला नाव मिळते. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, पुढे १६७ पासून त्याहून वरची पायरी आणि २२२ किलोमीटरपासून महाचक्रीवादळ. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की भिंतीवर किंवा झाडावर येणारा त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात पारादीपजवळ आलेल्या महाचक्रीवादळाचा वारा ताशी सुमारे २६० किलोमीटर होता, 'गुलाब'च्या तिप्पट. त्याची मारक शक्ती मात्र तिपटीने नव्हे, नऊ पटीने अधिक. त्या वादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. त्यात मोठा वाटा वाऱ्याबरोबर आत घुसलेल्या समुद्राच्या पाण्याचा होता.

केळणेचे पाणी आणि दोन समुद्र

दीर्घ काळाची सरासरी पाहता बंगालच्या उपसागरात जेथे चार चक्रीवादळे होतात, तेथे अरबी समुद्रात एक होते, असे ढोबळ प्रमाण सांगितले जाते. उपसागर अधिक उबदार आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण भोकरदन तालुक्याला थोडे जवळचे आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा या नद्या पावसाळ्यात प्रचंड गोडे पाणी उपसागरात आणून टाकतात. भोकरदनवरून वाहणारी केळणा जाफराबादला पूर्णेस मिळते, पूर्णा गोदावरीस आणि गोदावरी आंध्रात समुद्राला. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने ते दुधावरच्या सायीसारखे वर पसरते आणि खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही. परिणामी घुसळण झाली तरी वरचा थर लवकर थंड होत नाही आणि वादळाचे इंधन टिकून राहते. या विशाल थरात आपल्या ओढ्यानाल्यांचा वाटा थेंबाएवढा, पण आहे.

अरबी समुद्राविषयीचे चित्र मात्र गेल्या काही दशकांत बदलते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते २०१९ या काळातील नोंदी तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या कालखंडाच्या उत्तरार्धात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या पूर्वार्धाच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. बंगालच्या उपसागरात उलट किंचित घट दिसली. अरबी समुद्र तापतो आहे, हे या वाढीमागचे प्रमुख कारण मानले जाते.

महाराष्ट्राने त्याचा अनुभव पाठोपाठ घेतला. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरुड परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. पुढल्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातेत गेले. मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' ही तराफानौका बुडून अनेक कामगार दगावले. 'निसर्ग' किनाऱ्यावर आले तेव्हा त्याचा वारा ताशी ११० किलोमीटरच्या पुढे होता. तेथून ईशान्येकडे सरकत ते ४ जूनला पहाटे पश्चिम विदर्भाच्या बाजूला पोहोचले, तोवर त्याचे केवळ डिप्रेशन उरले होते. एका रात्रीत एवढा फरक का पडला, हे आता सांगणे सोपे आहे.

जमिनीवर वारा मरतो, पाणी उरते

वादळ जमिनीवर आले की त्याच्या पायाखालचा समुद्र जातो. बाष्पाचा पुरवठा तुटतो, म्हणजे इंधन संपते. त्यातच डोंगर, झाडे, घरे यांच्या घर्षणाने खालच्या थरातील वारा अडखळतो. वादळाचा फेरा दोन्ही बाजूंनी कापला जातो आणि साधारण एका दिवसात विध्वंसक वारा ओसरतो. 'गुलाब'चे असेच झाले. २६ च्या सायंकाळी किनारा ओलांडल्यावर २७ ला ते आधी डीप डिप्रेशन व मग डिप्रेशन झाले आणि २८ ला सकाळी पश्चिम विदर्भ-मराठवाड्याच्या परिसरात ठळक कमी दाबाचे क्षेत्र म्हणून उरले. येथे पोहोचताना त्याच्या अंगात झाडे पाडणारा वारा राहिलेला नव्हता.

राहिली होती ती दुसरी गोष्ट. समुद्रावर असताना शेकडो किलोमीटरच्या परिघातून गोळा केलेले बाष्प आणि ते गोल फिरवणारे, काही किलोमीटर उंचीपर्यंतचे अभिसरण. वरच्या थरांना जमिनीचे घर्षण जाणवत नाही. तेथील फिरणे खालच्या वाऱ्यापेक्षा बराच काळ टिकते. हे फिरते क्षेत्र वाटेत भोवतालची दमट हवा आत ओढत राहते. सप्टेंबरअखेरीस अरबी समुद्राकडून येणारे मोसमी वारे पुरते थांबलेले नसतात. मराठवाड्यावर आलेल्या त्या क्षेत्राला अशा रीतीने पश्चिमेकडूनही बाष्पाचा पुरवठा झाला. शिवाय पावसाळाभर भिजलेली जमीन स्वतःही बाष्प सोडत असते; कोरड्या मे महिन्यात जे क्षेत्र लवकर विरून जाते, ते ओल्या सप्टेंबरात अधिक काळ तग धरू शकते. त्यातच अजिंठ्यासारखी डोंगररांग वाटेत असली, की दमट हवा उतारावरून वर ढकलली जाते आणि पाऊस वाढतो.

किती पाणी? महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, की अतिवृष्टी धरली जाते. ६५ मिलिमीटर हा आकडा ऐकायला लहान वाटतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जालना जिल्ह्याला तो टँकरच्या भाषेत सांगावा. एका एकरावर ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख ६० हजार लिटरहून अधिक पाणी. दहा हजार लिटरचे २६ टँकर. १०० मिलिमीटर झाला तर ४० टँकर. एका एकरावर, एका दिवसात. काळी जमीन आधीच तृप्त असेल, तर त्यातील फारच थोडे पाणी मुरते. उरलेले उभ्या पिकात साचते किंवा बांध फोडून ओढ्याला जाते.

सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा आरंभ हा या भागात सोयाबीनच्या सोंगणीचा काळ. कपाशीची पहिली बोंडे फुटत असतात, मका वाळत असतो. नेमक्या याच वेळी उपसागरातील वादळांचा दुसरा हंगाम उघडतो. ऑक्टोबर २०१९ च्या उत्तरार्धात अरबी समुद्रात 'क्यार' महाचक्रीवादळाच्या पायरीपर्यंत पोहोचले आणि त्यापाठोपाठ 'महा' आले. दोन्ही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळली नाहीत, तरी त्या काळातील अवकाळी पावसाने राज्यभर सोंगून टाकलेल्या सोयाबीनला कोंब फुटले, हे शेतकरी विसरलेले नाहीत.

'गुलाब'ची कथा मराठवाड्यातही संपली नाही. अवशेष पश्चिमेकडे सरकत २९ सप्टेंबरला गुजरातेतून पुन्हा समुद्रावर उतरले. पायाखाली पुन्हा उबदार पाणी आले आणि तुटलेला फेरा जुळला. ३० ला डिप्रेशन, १ ऑक्टोबरला पुन्हा चक्रीवादळ. या वेळी नाव नवे, 'शाहीन'. पहिले नाव पाकिस्तानने सुचवलेले, दुसरे कतारने. ३ ऑक्टोबरच्या रात्री ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर आदळले आणि तेथील वाळवंटी गावांत पूर आला. म्हणजे ज्या ढगांनी मांजरेला महापूर आणला, त्यांचेच फिरणे आठवडाभराने आखाती देशात पोहोचले. जमीन वादळाला थकवते. समुद्र परत मिळाला तर ते ताजेतवाने होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच पाहायला मिळते.

बातमी कशी वाचावी?

चक्रीवादळाविषयीच्या पत्रकांतील पहिल्या ओळी किनाऱ्यासाठी असतात. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, कोळ्यांना इशारा. धावड्याच्या कामाची ओळ बहुधा शेवटी येते: किनारा ओलांडल्यावर ते कोणत्या दिशेने सरकणार. दिशा पश्चिम किंवा वायव्य असेल आणि किनारा आंध्रचा असेल, तर वाटेत तेलंगण आणि त्यापुढे मराठवाडा-विदर्भ येतो. दिशा उत्तर किंवा ईशान्य असेल तर ते ओडिशा-बंगालकडे जाईल, आपल्याला चिंता नाही. 'वादळाचे कमी दाबाच्या क्षेत्रात रूपांतर झाले' या वाक्यानंतर दूरचित्रवाणीचे कॅमेरे परततात आणि वादळाची खास पत्रकेही थांबतात. पुढची माहिती जिल्हानिहाय पावसाच्या अंदाजात शोधावी लागते. तेथे पिवळा, नारिंगी, लाल हे रंग वाऱ्यापेक्षा पावसाविषयी बोलत असतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील कृषी हवामान सेवा मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी सल्ला पत्रक काढते. त्यात काढणी करावी की थांबावी, हेही सांगितलेले असते.

या ओळी वाचण्याला अलीकडे आणखी एक कारण मिळाले आहे. २०२१ साली प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कापून शेतात वाळत घातलेल्या पिकाचे चक्रीवादळाच्या पावसाने नुकसान झाले, तर काढणीपासून १४ दिवसांपर्यंत संरक्षण होते आणि ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागत होती. २०२५च्या खरिपात राज्याने सुधारित योजना लागू केली, तेव्हा भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरवण्यात आली. अशा पद्धतीत एखाद्याच शेतातील भिजलेल्या गंजीचा वेगळा हिशेब होत नाही.

'गुलाब'ने किनारा ओलांडला ती रविवारची सायंकाळ होती. मराठवाड्यात पावसाचा जोर सोमवार-मंगळवारचा. मधल्या अवकाशात सोंगलेले सोयाबीन गोळा करून उंचवट्यावर गंजी घालणे, खाली लाकडे वा दगड टाकून वर ताडपत्री बांधणे आणि शेतातील चर मोकळे करणे एवढे होऊ शकते. मळणी यंत्र मिळाले तर दोन-चार एकरांची मळणीसुद्धा.